दोघींनी धुवायची भिंत

थोरलीने बादली अंगणात आणून आपटली ती मुद्दामच. स्वयंपाकघरातल्या धाकटीला ऐकू जायला हवं होतं. गेलं असणार, कारण आत एक पातेलं तितक्याच जोरात आपटलं गेलं.

आठवडाभर त्या घरात बोलणं असं भांड्यांमार्फतच चाललं होतं. थोरलीने मुलाकडे राहायला जायचं कबूल केलं, आणि त्या दिवसापासून धाकट्या जावेने तोंडाला कुलूप लावलं. दोघींचे नवरे केव्हाच गेलेले, मुलं पांगलेली. एवढ्या मोठ्या घरात उरल्या होत्या त्या या दोघीच. आणि उद्या सकाळी थोरलीला न्यायला गाडी येणार होती.

"जायच्या आधी भिंत तेवढी धुऊन टाकते," ती मोठ्याने म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही असं. "शेवाळ बघवत नाही."

आत पातेलं घासलं जात राहिलं.

भिंत म्हणजे घरासमोरची जाळीची भिंत. चार पाकळ्यांच्या फुलाचे सिमेंटचे ठोकळे, एकावर एक रचलेले, आरपार. दोघा भावांनी मोठ्या हौसेने बांधून घेतली होती. हौस त्यांची आणि धुणं बायकांचं. थोरलीने आधी कोरड्या ब्रशने कोळिष्टकं काढली. मग खालून वर भिंत ओली करत गेली. वरून पाणी ओतलं की मळाचे ओघळ कोरड्या सिमेंटवर उतरतात आणि कायमचे चिकटतात. गुडघे कुरकुरले, तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून ती एकेका फुलात फिरवायला लागली.

पण जाळीची भिंत एकटीने धुता येतच नाही. अलीकडून घासावं, तर हिरवा गाळ पलीकडच्या पाकळीत जाऊन बसतो. तिथे दुसरं कुणीतरी हवं.

फाटक करकरलं. थोड्या वेळाने थोरलीच्या डोळ्यांसमोरच्या फुलातून दात घासायचा एक जुना ब्रश बाहेर आला आणि कोपरा खरवडू लागला.

"पाणी," साबणाच्या पाण्याचं आपलं डबडं खाली ठेवत पलीकडून धाकटी म्हणाली.

थोरलीने डबडं भरून पाणी मारलं. ते आरपार जाऊन नेमकं धाकटीच्या तोंडावर बसलं.

"अहो वहिनी! भिंतीला म्हटलं मी, मला नाही!"

"मग तोंड बाजूला घ्यायचं. इतकी वर्षं धुतेयस, अजून कळत नाही?"

हात आपोआप जुन्या लयीला लागले. एकीने घासायचं, दुसरीने खरवडायचं, मग पाणी. सासूबाई दुपारच्या झोपल्या की याच भिंतीशी दोघींचं खरं बोलणं व्हायचं. समोरासमोर ओठांवर येत नसे ते जाळीतून सहज जायचं. दुसरीचा कधी अर्धा डोळा दिसे, कधी नुसता कान. आपल्याला दिवस गेल्याचं थोरलीने नवऱ्याच्याही आधी इथे सांगितलं होतं, त्या कानाला.

"रात्री मला धरून न्हाणीघरात नेतेस," थोरली म्हणाली, "ती स्वतःची कंबर एका हाताने धरून. मला काय दिसत नाही?"

"मी कधी तक्रार केली?"

"नाही केलीस. म्हणूनच चाललेय."

पलीकडचा ब्रश बराच वेळ एकाच कोपऱ्यात फिरत राहिला.

"आठवतं का गं," थोरलीने विषय बदलला, "लग्नाचं वर्ष सरायच्या आत इथेच उभी राहून म्हणाली होतीस, मी निघून चालले, परत यायची नाही? पिशवीसुद्धा भरून ठेवली होतीस."

"पलंगाखाली."

"मग गेली का नाहीस? मी काही तुला अडवलं नव्हतं. मला वाटलं, नवऱ्याने समजूत काढली असेल."

"त्यांना कुठे पत्ता होता?" फुलातून धाकटीचा अर्धा चेहरा दिसला, भिजलेला. "तुम्ही म्हणालात, जा खुशाल, पण लावलेला साबण तेवढा धुऊन जा, वाळला तर डाग पडतील. म्हणून धुवायला लागले. तुम्ही पुढच्या ओळीला साबण लावत होतात, मी मागून धूत होते. संपेचना. शेवटची बस गेली ती मी इथूनच, डबडं हातात धरून पाहिली." तिने तोंडावरचं पाणी पुसलं. "मुद्दाम लावत होतात ना?"

"छे गं. मला कुठली एवढी अक्कल?"

थोरली हसली. पण तिला खरंच आठवेना, की तो साबण आपण मुद्दाम लावत होतो की भिंतच तेवढी मळली होती.

उन्हं उतरली तेव्हा भिंत खालपासून वरपर्यंत स्वच्छ झाली होती. सिमेंटचा मूळचा फिकट रंग वर आला होता आणि पाकळ्यांच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं. थोरलीने शेवटचं पाणी मारलं, ब्रश खाली ठेवला, हात पुसले.

"झाली. ये आत, चहा टाकते."

पलीकडे साबणाच्या पाण्याचं डबडं वर उचललं गेलं, आणि धुतलेल्या मधल्या ओळीवरून फेस ओघळत खाली आला.

"अगं, ती ओळ झालीय."

"झालीय खरी," धाकटी म्हणाली. "पण मला नीट झाल्यासारखी वाटत नाही."

थोरलीने घराकडे पाहिलं. मग एक हात गुडघ्यावर टेकवून ती वाकली आणि ब्रश पुन्हा उचलला.