दोन खोल्या, शनिवारी बारापर्यंत

"पावतीच्या तळाला काय छापलंय ते वाचा की," लॉजचे मॅनेजर आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी पावती काउंटरवरून परत सरकवली.

गुरुसिद्धप्पांनी ती सकाळपासून चारदा वाचली होती. आगाऊ भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. त्यांच्या मुलीला, महानंदाला बघायला गदगहून अकरा माणसं यायची होती. घरात एवढ्यांना टेकायला जागा नाही, म्हणून त्यांनी स्टेशनसमोरच्या या लॉजमध्ये दोन खोल्या घेऊन सगळे पैसे आधीच भरून टाकले होते. आणि नेमका आज रेल्वेचा संप सुरू झाला. नऊच्या सुमाराला तार आली, गाड्या बंद, येणं पुढच्या महिन्यात.

"संप काय मी केलाय?"

"मीबी न्हाय केला, अण्णा."

मग पुढच्या महिन्याची तारीख टाकून द्या, असं गुरुसिद्धप्पांनी सुचवलं. तसा रिवाज नाही, असं आबासाहेबांनी सांगितलं. मालकांना भेटतो म्हणाले, तर मालक पुण्याला. पुण्याला कसे गेले, गाड्या बंद आहेत ना, असं विचारलं, तर कालच गेले. गुरुसिद्धप्पांनी भिंतीवरच्या फळीकडे बोट केलं. बावीस खिळ्यांना बावीस किल्ल्या लटकत होत्या. एक गिऱ्हाईक नाही, मग पैसे परत केल्यानं तुमचं काय नुकसान होणार आहे?

"म्हणून तर परत देत न्हाय," आबासाहेब शांतपणे म्हणाले.

गुरुसिद्धप्पांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. "म्हणजे खोल्या माझ्या?"

"शनिवारी बारापर्यंत तुमच्याच."

"द्या किल्ल्या."

घरी त्यांची बायको दाक्षायणी चुलीपुढं बसली होती. पहाटे तीनला उठून तिनं अकरा माणसांचं पुरण शिजवलं होतं, शेंगांची चटणी कुटली होती, धपाट्यांचं पीठ काढलं होतं. पाहुणे येत नाहीत हे कळल्यावर ती फक्त चुलीतली लाकडं मागं ओढून बसली होती. गुरुसिद्धप्पांनी दोन वळकट्या बांधायला सांगितल्यावर तिला वाटलं, यांना ऊन लागलं. घर इथं मैलभरावर असताना लॉजवर कोण राहतं? पण ते ऐकेनात. भरलेल्या पैशाची खोली रिकामी ठेवून त्या माणसाला हसू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या आई ईरम्मा म्हणाल्या, परक्या जागी मी पूजा करायची नाही आणि तिथलं पाणीही प्यायची नाही. त्यांच्यापाशी महानंदा थांबली.

लॉजच्या माडीवर पोचल्यावर गुरुसिद्धप्पांनी एक किल्ली दाक्षायणीच्या हातात ठेवली.

"ही कशाला?"

"एकीत दोघं झोपलो तर दुसरी फुकट जाईल. तू तिकडं, मी हिकडं."

तिनं किल्लीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. आत गेली. पाठोपाठ आतून कडी लागल्याचा आवाज आला. गुरुसिद्धप्पा क्षणभर पॅसेजमध्ये तसेच उभे राहिले. कडी घालायला काय झालं, असं त्यांना विचारायचं होतं.

त्यांच्या खोलीतला पंखा सुतारकाम चालल्यासारखा आवाज करायचा. गादीत ढेकूण होते. सकाळी लाल डोळ्यांनी त्यांनी शेजारचं दार वाजवलं आणि सवयीनं म्हणाले, चहा टाक.

"खाली सांगा," आतून आवाज आला. "मलाबी एक सांगा."

ते खाली जाऊन दोन चहा सांगून आले. पैसे वेगळे पडले, म्हणून पुन्हा चिडले. मग आपल्या चादरीच्या दुकानात गेले. दिवसभर एकच गिऱ्हाईक, तेही चार चादरी उलगडून बघून गेलं. संध्याकाळी परतले तर दाक्षायणी धुतलेले केस मोकळे सोडून खिडकीशी बसली होती. खाली स्टेशनात एकही शिट्टी नव्हती. टांगेवाले टांग्यातच आडवे झाले होते.

"दिवसभर काय केलं?"

"काय न्हाय. पडले व्हते."

"पडायलाच यायचं तर घरी काय वाईट होतं?"

"घरी कधी पडलेली बघितलीय मला?"

गुरुसिद्धप्पा आठवायला लागले. महानंदाच्या वेळचं बाळंतपण आठवलं. त्याच्या पुढचं काही आठवेना, तेव्हा ते पंख्यावर चिडले.

शुक्रवारी दुपारी घरून निरोप आला की महानंदाच्या भाकरी जाड होतात आणि आजीचा दात दुखतोय. गुरुसिद्धप्पांना तेवढंच हवं होतं. झोप नाही, खानावळीचं जेवण पचत नाही, दोन्हीकडून खर्च. संध्याकाळी ते दाक्षायणीला म्हणाले, झालं एवढं पुरे, आजच घरी जाऊ. तिनं पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि विचारलं, पैसे शनिवारपर्यंतचे भरलेत ना? आईच्या दातासाठी मेडिकलमधून लवंगेचं तेल घेऊन ते एकटेच घरी जाऊन आले.

शनिवारी त्यांनी साडेअकरालाच वळकटी बांधली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खाली नेऊन दिली. आबासाहेबांनी ती खिळ्याला अडकवली आणि दुसरीसाठी हात पुढं केला. गुरुसिद्धप्पा वळकटीसकट पुन्हा माडी चढून आले.

"दाक्षायणी, चल. सोडायची वेळ झाली."

आत पंखा फिरत होता. त्यांनी पुन्हा दार वाजवलं.

"किती वाजले?" तिचा आवाज झोपेनं जड झाला होता.

"पावणेबारा."

"मग अजून पाव तास हाय की."

गुरुसिद्धप्पांनी दार ठोठावण्यासाठी हात वर केला. मग खाली घेतला. वळकटी पॅसेजच्या भिंतीशी ठेवली आणि ते तिच्यावर बसले.