फेलोशिपचा नियम

धारवाडहून वीरुपाक्षरावांचा फोन आला. चारठाण्याच्या देवळांवर त्यांनी आणि रुद्राणीबाईंनी तरुणपणी मिळून काम केलं होतं. मग ते नोकरीला तिकडं गेले ते गेलेच. लग्नं दोघांचीही राहून गेली.

"जोडीनं संशोधन करायची फेलोशिप हाय. अर्ज करू. फक्त वर्षभर दोघांनी एकाच गावात राहायचं, असा नियम हाय. मीच येतो परभणीला."

मूळ कागद पाहिल्याशिवाय रुद्राणीबाई कशावरच विश्वास ठेवत नसत. त्यांनी नियमावली दोनदा वाचली. असा नियम त्यात कुठंच नव्हता.

"एवढ्या वर्षांनी हे कशाला यायलेत?" भावजयीनं विचारलं.

माडीवरची खोली झाडता झाडता रुद्राणीबाई म्हणाल्या, "फेलोशिपचा नियमच हाय बाई तसा. आपण काय करणार?"