मूर्तिजापूरचे अकरा

“अहो, अकरा तं इथंच वाजले! मूर्तिजापूरले कवा पोचाचं?” सुभद्राबाई चपला घालून दारात उभ्या होत्या.

खुशालराव आरशासमोर निवांत मिशी कातरत होते. “ते अकोल्याचे अकरा हायेत,” ते म्हणाले. “म्हंजे आपले साडेबारा.”

या विषयात खुशालरावांचा हात धरणारा अख्ख्या अमरावतीत नव्हता. अमरावतीचा माणूस ‘निघालोच’ म्हणाला, की तो आंघोळीला गेला समजावं. अकोल्याचा ‘पोचलोच’ म्हणाला, की तो अजून चपला शोधतोय. उशीर झाला की अमरावतीकर रस्त्याला दोष देतो. अकोलेकर उन्हाला देतो, तोही भर डिसेंबरात. म्हणून अकोल्याच्या कोणत्याही पाहुण्याला खुशालराव दीड तास आधीची वेळ सांगत.

पण आज प्रश्न लेकीचा होता. नीलम दर्यापूरच्या बँकेत नोकरीला, तिथूनच परस्पर मूर्तिजापूरला येणार होती. तिनं चार मुलं नाकारली होती, चौघंही उशिरा आले म्हणून. “ज्याले पहिल्याच दिवशी वेळेवर येता येत नाई, तो जलमभर काय येईन?” हे तिचं ठाम मत. आताचा मुलगा ललित, तेल्हाऱ्याच्या शाळेत शिक्षक, खुशालरावांच्या मनात फार भरला होता. खोट एकच, अकोलेवाला! म्हणून त्यांनी मुलाच्या वडिलांना, रामरावांना, अकराची वेळ दिली आणि नीलमला साडेबाराची.

“पोरीले फसवता तुमी,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“फसवत नाई, घड्याळं जुळवून राहिलो.”

साडेबाराला त्यांची गाडी अमरावती-अकोल्याच्या मधल्या मूर्तिजापुरात, भेटीसाठी ठरलेल्या हॉटेलासमोर लागली. त्याच क्षणी समोरून रामरावांची जीप आली. खुशालरावांची छाती अभिमानानं फुगली.

“वा रामरावभाऊ, कसे टायमावर आले!”

“तुमी बी!” रामराव खुशीत म्हणाले. “आमाले वाटलं, अमरावतीवाले हायेत, अकरा म्हनलं तं साडेबाराच वाजवतीन.” मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. “ललित नाई आला काय? तेल्हाऱ्याहून परस्पर येनार होता. त्याले तं मी दहाचं सांगतलं होतं.”

नीलमही कुठं दिसत नव्हती. फोन उचलेना. पोरगी येऊन, कोणी नाही पाहून, परत तर गेली नाही? खुशालराव धावतच हॉटेलात शिरले.

कोपऱ्यातल्या टेबलावर नीलम आणि ललित खदखदून हसत बसले होते. समोर आलूबोंड्याच्या रिकाम्या प्लेटा आणि चहाचे कितीतरी कप.

“नीलम! तुले साडेबाराचं सांगतलं होतं ना?”

“म्हून तं अकराले आली. अकोलेवाल्यायले तुमी दीड तास आधीचं सांगता, हे मले लहानपनापासून ठावं हाय, बाबा.”

ललित चटकन उठला, नमस्कार करून म्हणाला, “मले बाबानं दहा सांगतले. माह्यासाठी ते नेहमी एक तास आधीचं सांगतात. मंग मी बी अकरालेच आलो.”

दोन्ही बाप एकमेकांकडं पाहायचं टाळू लागले. शेवटी खुशालरावांनीच भीतभीत विचारलं, “मंग पोरी... काय ठरलं?”

“पसंत हाय,” नीलम म्हणाली. “लगनाची तारीख आमी दोघं ठरवू. तुमाले दोघायले आदल्या दिवसाची सांगू.”