घुबडाचा डावा डोळा

“ते घुबड उतरवा,” दुकानात शिरता शिरताच मोठे वकीलसाहेब म्हणाले.

किल्लीवाल्या काकांनी हातातली कानस खाली ठेवली आणि वर पाटीकडे बघितलं. पिवळंधमक घुबड, डावा डोळा उजव्यापेक्षा चांगलाच मोठा. “का हो? कुणाला चावलं?”

साहेबांसोबतची ज्युनिअर हसली नाही. पुढचं स्टूल सोडून ती मागच्यावर बसली. साहेब पुढच्यावर बसले आणि स्टूल असं काही डुगडुगलं की पडता पडता वाचले. ज्युनिअरने फाइल उघडली. हे तिचं पहिलंच प्रकरण, हट्टाने मागून घेतलेलं.

“हे चिन्ह घड्याळ कंपनीचं आहे. पोरासोरांनासुद्धा माहितीये,” साहेब म्हणाले.

“अहो, ते घड्याळं विकतात, मी किल्ल्या करतो! आजवर एक माणूस आला नाही इथे घड्याळ मागायला.”

“लोक फसायलाच हवेत असं नाही,” ती म्हणाली. “आज तुम्ही लावलंत, उद्या चपलांचा दुकानदार लावेल, परवा सलूनवाला. मग घुबड बघून घड्याळच आठवेल असं राहत नाही. नावाजलेलं चिन्ह असंच पातळ होत जातं. कायदा तेच थांबवतो.”

“म्हणजे दुधात पाणी.”

“अगदी तसंच.”

काकांनी थर्मासमधून चहा ओतला. साहेबांच्या कपात दोन चमचे साखर घातली, तिचा कप तसाच पुढे सरकवला.

“पाटी नाही निघणार,” ते म्हणाले. “माझ्या पोरीने रंगवलीय, सातवीत असताना. घड्याळाच्या खोक्यावर बघून बघून.”

“मग कोर्टात भेटू. भरपाई भरताना दुकान विकावं लागेल तुम्हाला,” साहेब म्हणाले.

“साहेब, आज पाटी उतरली तर भरपाई मागणार नाही, असं कंपनीने लिहून दिलंय,” ती घाईघाईने म्हणाली. “मीच मागून घेतलं.” मग काकांकडे न बघता तिने कागद पुढे केला. “सही करा. पाटी जाईल, पण दुकान राहील.”

काकांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग सही केली, शिडी लावली, एकेक स्क्रू सोडवला. साहेबांनी रिकाम्या भिंतीचा फोटो काढला.

“शाब्बास! तू विरघळशील असं वाटलं होतं मला. चल, गाडीत बस.”

“तुम्ही व्हा पुढे. मला इथून घर जवळ आहे.”

गाडी कोपऱ्यावरून वळली. ती खाली टेकली, ओढणीच्या टोकाने घुबडाच्या डाव्या डोळ्यावरची धूळ पुसली.

“नव्या पाटीवर काय काढू, बाबा?”