गुणी बाळ

दवाखान्याच्या वकिलांनी ग्राहक आयोगापुढे एक फोटो ज्योत्स्नाच्या समोर धरला. "ताई, ह्या तुम्हीच ना? डॉक्टरबाईंच्या पाया पडताय, हातात बर्फीचा बॉक्स. बाळंतपणात हयगय झाली होती, तर बर्फी कसली वाटत होतात?"

मागे कुणीतरी हसलं. त्या बाकांवर तिचं म्हणावं असं माणूस नव्हतं. "देवाच्या मनात होतं ते झालं. एवढी उपासतापास करणारी तू, कोर्टकचेऱ्या शोभतात का तुला?" असं म्हणून नवरा कामावर निघून गेला होता. लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवून ती एकटीच एसटीने आली होती. सहा वर्षांची लेक अजून मान धरत नव्हती. भरपाई मिळाली तरच पुढचे उपचार होणार होते.

तिचा सोमवार होता. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता.

"मीच ती," ती हळू म्हणाली. "जन्मल्यावर लेक रडलीच नाही. मी पहिलटकरीण, मला काय कळतंय? विचारलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, गुणी बाळ आहे, त्रास देणार नाही. शेजारच्या खाटांवरची बाळं रडून गोंधळ घालायची, तर मला त्या आयांचीच कीव यायची हो."

वकील खाली बसले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"झालं असेल तर मला सोडता का, मॅडम? तिला भूक लागली तरी अजून रडता येत नाही. काकूंना कळायचं नाही."