खुराड्याची कडी

कोल्ह्यानं देवकाबाईची एक कोंबडी नेली, आणि ही बातमी यवतमाळच्या जावयापर्यंत पोचली. पुढच्याच रविवारी प्रफुल्लराव खुराड्याचं माप घ्यायला कळंबला हजर! आता जावई दारात आल्यावर त्याला काय वांग्याची भाजी वाढायची? देवकाबाईनं कोंबडी कापली. दुसऱ्या रविवारी ते जाळी घेऊन आले, आणखी एक कापली. तिसऱ्या रविवारी दार बसलं, पण कडी आणायची राहिली. चौथ्या रविवारी एकदाची कडीही लागली.

हाडूक चोखत प्रफुल्लराव म्हणाले, "आई, आता कोल्ह्याचा बापही अंदर नाही येऊ शकत. पुढच्या रविवारी येतो मी, कडीले तेल द्याले."

"या नं जी, जावईबापू," देवकाबाई म्हणाली.

जावयाची मोटारसायकल वळणाआड गेली तशी तिनं नवी कडी काढली, उरलेली एकुलती एक कोंबडी काखेत मारली आणि थेट तुरीच्या वावरात नेऊन सोडली.

"जाय माय," ती कोंबडीला म्हणाली, "इथं निस्तं कोल्हंच हाये."