टोचलेली पिढी

जावयाची बॅग सासऱ्यांनी जिन्यावरून खाली भिरकावली आणि तिच्यामागोमाग त्याचे बूट.

"चालता हो! माझ्या लेकीला रोग दिलास आणि वर तोंड करून बोलतोस?"

"बाबा, माझं एकदा ऐकून तरी..."

"बाबा म्हणू नकोस मला!"

जावई नळदुरुस्तीची कामं करायचा. मुळात अबोल. त्याने बूट गोळा केले, बायकोकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. तिला सातवा महिना लागला होता. गरोदरपणाच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी निघाला, तोही अंगात मुरलेला. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना परत आणा," लेक म्हणाली. "नाहीतर मी जाते. मग नातवंडाचं तोंड बघायला मिळणार नाही, सांगून ठेवते."

"अगं, तुझी आई ह्याच रोगाने गेली! तिला तो आधीपासून होता, म्हणून तू जन्मलीस त्याच दिवशी मी स्वतः लस काढून दिली. पुढचेही डोस चुकवले नाहीत. मग हा रोग आला कुठून? आभाळातून पडला?"

अठ्ठावीस वर्षं ते सरकारी आरोग्य केंद्रात लसींचे स्टोअरकीपर होते. वीज गेली की भरल्या ताटावरून उठून बर्फ आणायला धावायचे. केंद्रातले लोक त्यांना 'बर्फोबा' म्हणून चिडवायचे. हे कुणाला भीक घालत नसत. एक बाटली कधी कोमट होऊ दिली नाही, हे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात बातमी होती. देशभराची नवी पाहणी झाली होती. लस सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांमधून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला होता. उरला होता तो म्हाताऱ्याकोताऱ्यांत. फक्त काही ठिकाणी तो तरुणांमध्येही तसाच ठाण मांडून होता. खाली त्या ठिकाणांची यादी होती आणि यादीत त्यांचा भाग होता.

चहा तसाच टाकून त्यांनी लेकीचं लसीचं जुनं कार्ड खिशात घातलं आणि पाहणीचं कार्यालय गाठलं.

तिथे कागदांच्या ढिगाऱ्यामागे चष्मा लावलेली एक तरुण डॉक्टरीण बसली होती. तिने कार्ड पाहिलं, मग संगणकात काहीतरी शोधलं.

"तुमचे जावई चार दिवसांपूर्वी स्वतःहून येऊन रक्त देऊन गेलेत, काका. त्यांना काहीही नाही. आणि मोठेपणी लागण झाली तर ती बहुतेकांच्या अंगातून निघून जाते. अशी मुरलेली लागण बहुधा जन्मताना, आईकडून आलेली असते."

त्यांना ते बूट आठवले आणि लाज वाटली. पण राग इतक्या दिवसांचा, तो काय असा जागच्या जागी बसतो?

"म्हणजे लस लागलीच नाही?"

"नाही लागली. आणि तुमची मुलगी एकटी नाही." तिने नकाशा पुढे सरकवला. "नदीच्या ह्या बाजूला तुमचं केंद्र, त्या बाजूला दुसरं. आयांमध्ये रोग दोन्हीकडे सारखाच होता. पलीकडची मुलं जवळजवळ सगळी वाचली. तुमच्या केंद्रातली एक्केचाळीस आजारी आहेत."

"पलीकडची वाचली?" ते ताडकन उठले. "अहो, त्यांचा फ्रीज वर्षातले सहा महिने बंद! लसी टेबलावर पडलेल्या असायच्या, माशा बसायच्या त्यांच्यावर!"

"आकडे तेच सांगतात."

"मग ही आमच्या सिस्टरचीच करणी! टोचायला तीच होती. लस बाहेर विकली आणि पोरांना पाणी टोचलं! आता पेन्शन खात मजेत बसलीय भवानी. आणा एक कागद इकडे!"

त्यांनी उभ्याउभ्याच तक्रार लिहिली. पेन कागदात रुतत होतं. ज्याच्यामुळे लस वाया गेली त्याची गय करू नका. त्याचं पेन्शन बंद करा. त्याचं नाव केंद्राच्या दारावर लावा, म्हणजे एक्केचाळीस आईबाप येताजाता त्यावर थुंकतील. खाली त्यांनी सही ठोकली.

"नाव चौकशीनंतर भरू," डॉक्टरीण म्हणाली. "स्टोअर तुमच्याकडे होतं, म्हणून विचारते. ह्या बाटल्या ठेवायचात कुठे?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी कामाचं विचारलं होतं. ते खुर्चीत नीट बसले.

"फ्रीझरमध्ये. पोलिओच्या डोसांशेजारी, पार तळाशी. पोलिओची लस बर्फातच हवी, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हटलं, मग हिचेच लाड कमी का करायचे? माझी बायको ह्या रोगाने आजारी होती, बाई. ही लस मी जिवापाड जपली. दगड व्हायचा बाटलीचा! सिस्टर कटकट करायची, टोचण्याआधी अर्धा तास मुठीत धरून बसावं लागतं म्हणून."

डॉक्टरीण लिहायची थांबली. तिने तक्रारीचा कागद उचलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सहीपाशी बराच वेळ बघत राहिली.

"काका," ती हळूच म्हणाली, "ही लस चार दिवस टेबलावर पडून राहिली तरी चालते. पण एकदा गोठली, की तिच्यात आणि पाण्यात काही फरक उरत नाही."